विमान जमिनीवर वाट चुकतं तेव्हा

सांबऱ्याहून विमानाने जाणाऱ्यांना एक फरक लगेच जाणवतो. इथे दार बंद झालं, पट्टे बांधले, की थोड्याच वेळात विमान धावपट्टीवर असतं. मुंबईला किंवा हैदराबादला उतरलं की मात्र चाकं टेकल्यावरही प्रवास संपत नाही. डावीकडे वळलं, उजवीकडे वळलं, थांबलं, परत निघालं. कधी दहा मिनिटं, कधी पंधरा. मागच्या रांगेतला कुणीतरी म्हणतोच, "अजून किती फिरवतोय हा?" आणि पट्टा सोडून बॅग काढायला उठतो.

त्या दहा-पंधरा मिनिटांत पुढे कॉकपिटमध्ये काय चाललेलं असतं, याचा विचार आपण करत नाही. आपल्या दृष्टीने धोका हवेत होता, तो संपला. वैमानिकांना विचाराल तर ते वेगळं सांगतील. नवख्या, मोठ्या विमानतळावर रात्री किंवा धुक्यात विमान जमिनीवरून नेणं हा प्रवासातला डोकं पिकवणारा भाग असतो. आणि हो, विमानं जमिनीवर वाट चुकतात. बहुतेक वेळा चार मिनिटांचा उशीर होतो आणि कंट्रोलरचे दोन शब्द ऐकावे लागतात. पण जगातला सर्वांत मोठा विमान अपघातही जमिनीवरच झाला आहे. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरीफ बेटावर दोन जम्बो विमानं दाट धुक्यात एकाच धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. त्यातल्या एका विमानाने परवानगी नसताना उड्डाण सुरू केलं, हे मुख्य कारण. पण दुसरं विमान तेव्हाही धावपट्टीवर का होतं? त्याला तिसऱ्या फाट्यावरून बाहेर पडायला सांगितलं होतं आणि धुक्यात ते त्या फाट्याच्या पुढे निघून गेलं होतं. फाट्यांवर पाट्या नव्हत्या.

रस्ता असतो, पण कसला?

धावपट्टी म्हणजे जिथून विमान उडतं आणि जिथे उतरतं ती. तिथपासून विमान उभं करण्याच्या जागेपर्यंत जे रस्ते असतात त्यांना टॅक्सीवे म्हणतात. धावपट्टीला आकडे असतात आणि ते मनाने दिलेले नसतात. होकायंत्रात जी दिशा दिसते तिचा शेवटचा अंक सोडून हा आकडा येतो. आपल्या सांबऱ्याची धावपट्टी ०८-२६, म्हणजे एका टोकाकडून साधारण ८० अंशांकडे तोंड, उलट बाजूने २६० कडे. दाबोळीचीही ०८-२६ च आहे, दोन्ही साधारण पूर्व-पश्चिम. दोन धावपट्ट्या समांतर असल्या तर आकडा एकच येतो, मग पुढे लेफ्ट आणि राइट लावतात. हे लेफ्ट-राइट पुढे एका अपघातात येणार आहे, तेवढं लक्षात ठेवा.

टॅक्सीवेंना अक्षरं असतात: अल्फा, ब्राव्हो, चार्ली. फाटे फुटले की अक्षरापुढे आकडा, एन१, एन२ असं. आय, ओ आणि एक्स ही अक्षरं वापरत नाहीत. पहिली दोन एक आणि शून्यासारखी दिसतात, आणि एक्स म्हणजे रस्ता बंद.

पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावर आपल्या भागात किती बोललं जातं, हे सीमाभागातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. विमानतळाने त्यावर आपला तोडगा काढला आहे. बहुतेक काम रंगावर चालतं. काळ्या पाटीवर पिवळं अक्षर म्हणजे तुम्ही आत्ता इथे आहात. पिवळ्या पाटीवर काळं अक्षर आणि बाण म्हणजे तिकडे जायचं तर असं वळा. लाल पाटीवर पांढरा आकडा म्हणजे पुढे धावपट्टी आहे, परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. टॅक्सीवेच्या मधल्या रेषेवर हिरवे दिवे, कडेला निळे, धावपट्टीच्या कडेला पांढरे. धावपट्टीच्या तोंडाशी मोठ्या विमानतळांवर लाल दिव्यांची एक आडवी रांग असते. ती पेटलेली असताना ओलांडायची नाही, टॉवरवरून तोंडी परवानगी मिळाली तरी दिवे विझल्याशिवाय नाही.

हे सगळं इतकं नीट असताना चूक होतेच कशी? एकदा वैमानिकाच्या जागी बसून बघा. मोठ्या विमानाचं पुढचं चाक त्याच्या खुर्चीच्या मागे असतं. त्यामुळे वळण डोळ्यांसमोरून थोडं पुढे जाऊ द्यायचं आणि मग वळायचं. आपण गाडी जशी वळवतो तशी वळवली तर चाकं गवतात. पंखांची टोकं त्याला नीट दिसत नाहीत. वळण चुकलं तर मागे घेता येत नाही, मागे ढकलायला ट्रॅक्टर लागतो. अरुंद टॅक्सीवेवर वळून परत फिरताही येत नाही. रेडिओवरून कंट्रोलर एका दमात मार्ग सांगतो: अमुकवरून तमुकवर, तिथून डावीकडे, मग एक धावपट्टी ओलांडण्याआधी थांबा. ते ऐकायचं, लिहून घ्यायचं, जसंच्या तसं परत बोलून दाखवायचं आणि मांडीवरच्या नकाशावर बोट ठेवायचं. सहवैमानिक त्याच वेळी उड्डाणाआधीची यादी वाचत असतो, म्हणजे त्याची नजर आत. बाहेर बघणारा खरा एकच उरतो.

वरून विमानतळ म्हणजे दिव्यांचा समुद्र. निळे, हिरवे, पांढरे सगळे एकमेकांत मिसळलेले. रात्री पहिल्यांदाच पुण्यात गाडी घेऊन शिरलेल्या माणसाला उड्डाणपूल वर घ्यायचा की खालून जायचं हे ठरवायला जेवढा वेळ मिळतो, तेवढाच यालाही मिळतो. फक्त मागे दीडशे माणसं बसलेली असतात.

मिलान: उत्तरेला जायचं होतं

८ ऑक्टोबर २००१ ची सकाळ. इटलीतल्या मिलान शहराचं लिनाते विमानतळ धुक्यात बुडालेलं. पश्चिमेकडच्या छोट्या तळावरून एक लहान सेसना जेट पॅरिसला निघालं. त्याला सांगितलं होतं, उत्तरेकडे आर५ टॅक्सीवेने जा. वैमानिकाने आर५ असंच परत बोलून दाखवलं. निघाल्यावर पुढे रेषा दोन ठिकाणी फुटत होती, डावीकडे आर५, उजवीकडे आर६. विमान उजवीकडे गेलं. आर६ सरळ मुख्य धावपट्टीला जाऊन मिळत होता.

इथपर्यंत ही वैमानिकाची चूक, त्यात वाद नाही. पण पुढचं ऐका. वाटेत वैमानिकाने आपण एस४ पाशी आल्याचं कळवलं. जमिनीवर तसं रंगवलेलं होतं. कंट्रोलरला मात्र एस४ कुठे आहे हेच माहीत नव्हतं, कारण ती खूण त्याच्या नकाशावर नव्हती. म्हणजे हरवलेल्या माणसाने आपला खरा पत्ता सांगितला आणि ऐकणाऱ्याला तो पत्ता ओळखता आला नाही. त्याने गृहीत धरलं की विमान ठरलेल्या जागीच आहे, आणि पुढे यायला सांगितलं. जमिनीवरची विमानं दाखवणारा जुना रडार काढून टाकलेला, नवा अजून सुरू नव्हता. धावपट्टीवर कुणी शिरलं तर वाजणारी यंत्रणा बंद होती. टॉवरचं बोलणं काही विमानांशी इटालियनमध्ये तर काहींशी इंग्रजीत चाललेलं. ही मिश्र भाषा आपल्याला ओळखीची आहे. कचेरीत दोघं एका भाषेत बोलतात, तिसरा फक्त मान हलवतो.

सेसना धावपट्टीवर आलं त्याच वेळी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचं एमडी-८७ उड्डाणाच्या वेगात होतं. धडकेनंतर ते पुढे सामान हाताळणाऱ्या इमारतीवर जाऊन आदळलं. दोन्ही विमानांतले ११४ आणि जमिनीवर काम करणारे चार, असे ११८ जण गेले.

तैपेई: हिरव्या दिव्यांच्या मागे

याच्या जवळजवळ वर्षभर आधी, ३१ ऑक्टोबर २००० च्या रात्री, तैवानची राजधानी तैपेईच्या विमानतळावर सिंगापूर एअरलाइन्सचं जम्बो लॉस एंजेलिसला निघालं होतं. चक्रीवादळ जवळ येत होतं. पाऊस काचेवर आडवा मारत होता. कॉकपिटमध्ये तीन वैमानिक होते, म्हणजे डोळ्यांच्या सहा जोड्या नाही तरी तीन नक्की. त्यांना उडायचं होतं ०५ लेफ्टवरून. तिला समांतर अलीकडे ०५ राइट होती. तिच्या मधल्या भागात दुरुस्ती चालू असल्याने ती उड्डाणासाठी बंद होती. ती बंद आहे हे वैमानिकांना माहीत होतं.

पण तिच्या सुरुवातीच्या टोकाला आडवं काहीच लावलेलं नव्हतं, कारण तो भाग टॅक्सीसाठी वापरात होता. टॅक्सीवेच्या मधल्या रेषेवरचे हिरवे दिवे सुबक वळण घेत थेट ०५ राइटवर जात होते. सरळ पुढे ०५ लेफ्टकडे नेणारे दिवे मोजकेच, त्यातही एक बंद आणि एक मंद. विमान प्रकाशाच्या मागे गेलं. समोर सरळ लांब रस्ता दिसला. वैमानिकांना वाटलं, आलो.

चूक दाखवणाऱ्या खुणा होत्या. धावपट्टीच्या मधल्या रेषेवर पांढरे दिवे असायला हवेत, इथे हिरवे होते. रुंदी कमी होती. विमानात असं एक उपकरण होतं जे योग्य धावपट्टीवर सरळ आल्यावर उघडतं. ते उघडलं नाही. त्याकडे लक्ष गेलंही, पण बाहेर धावपट्टी दिसतेय ना, मग राहू दे, असं झालं. टॉवरला पावसात विमान दिसत नव्हतं आणि तिथे जमिनीचा रडार नव्हता. रात्री ११ वाजून १७ मिनिटांनी जम्बो काँक्रीटच्या अडथळ्यांवर आणि खोदकामाच्या यंत्रांवर आदळलं. १७९ पैकी ८३ जण गेले.

तैवान आणि सिंगापूरमध्ये पुढे बराच वाद झाला. तैवानच्या चौकशीने वैमानिकांवर भर दिला, सिंगापूरने विमानतळाच्या दिव्यांकडे आणि पाट्यांकडे बोट दाखवलं. माझ्या मते दोन्ही खरं आहे. एकाला दोषी ठरवून दुसऱ्याला मोकळं सोडता येत नाही.

डोळे बघतात ते, की मन ठरवतं ते?

अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनचं प्रकरण मला जास्त अस्वस्थ करतं, कारण तिथे ना धुकं होतं ना वादळ. २७ ऑगस्ट २००६, सकाळी सहाच्या सुमारास, अजून अंधार. विमानतळ छोटं, धावपट्ट्या दोन. २२ क्रमांकाची मोठी, सुमारे ७,००० फूट. २६ क्रमांकाची छोटी, ३,५०० फूट, लहान विमानांसाठी. दोघींची तोंडं जवळजवळ. कॉमएअरच्या विमानाला २२ वरून उडायचं होतं, पण ते आधी लागणाऱ्या २६ वर वळलं. आठवडाभरापूर्वीच डांबरीकरण झालं होतं आणि टॅक्सीचा मार्ग बदलला होता. वैमानिकांच्या नकाशावर तो बदल नव्हता. दोघांच्या टॅक्सी करताना कामाव्यतिरिक्तच्या गप्पा चालल्या होत्या. टॉवरवर एकटाच कंट्रोलर, त्याने परवानगी दिली आणि दुसऱ्या कामाकडे वळला.

छोट्या धावपट्टीच्या कडेचे दिवे बंद होते. वेग घेताना सहवैमानिक दिवे नाहीत हे विचित्र असल्याचं बोलला. कॅप्टनने हो म्हटलं. विमान धावतच राहिलं. धावपट्टी संपली, विमान नीट वर उठलंच नाही. ५० पैकी ४९ जण गेले, वाचला तो सहवैमानिक.

त्याने पाहिलं होतं, तोंडाने बोललाही होता. तरी पुढची पायरी, थांबवा हे, आलं नाही. मन एकदा 'आपण बरोबर जागी आहोत' असं ठरवून बसलं की समोर दिसणारी विरोधी खूणही ते त्याच गोष्टीत बसवून घेतं. दिवे नाहीत? बंद पडले असतील. पाटी दिसली नाही? पावसात दिसली नसेल. आपणही दुसऱ्याच्या स्कूटरला चावी लावून, लागत नाही म्हणून कुलूप बिघडलं असं म्हणतोच की. त्या दिवशी हे वैमानिक सकाळी आधी चुकीच्या विमानात जाऊन बसले होते आणि ते सुरू करायला लागले होते. कुणीतरी सांगितल्यावर उतरले.

नवखं ठिकाण असलं की चूक होते, हे अर्धंच खरं. नवख्या ठिकाणी माणूस सावध असतो. जास्त फसवणूक होते ती नेहमीच्या ठिकाणी काहीतरी बदललेलं असतं तेव्हा. ५ सप्टेंबर २०१७ च्या पहाटे अबू धाबीहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान कोचीत उतरलं. मुसळधार पाऊस. गेटकडे वळताना वळण थोडं आधीच घेतलं गेलं आणि पुढचं चाक पावसाच्या उघड्या गटारात गेलं. विमानात १०२ प्रवासी होते, सुदैवाने कुणाला काही झालं नाही. या कंपनीचं मुख्यालयच तेव्हा कोचीत होतं. स्वतःच्या अंगणात वाट चुकली म्हणायची.

मुंबईचं एक जुनं उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते टॅक्सीचं नाही, उतरण्याचं आहे, पण चूक तीच. सांताक्रूझ आणि जुहू ही दोन विमानतळं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनी बीओएसीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूवर उतरलं. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तेच केलं आणि ते धावपट्टी संपून पुढे गेलं. दोन्ही वेळा माणसं वाचली. जुहूवर मोठ्या विमानांचं काम नाही हे मुंबईकराला माहीत होतं. वरून बघणाऱ्याला फक्त एक धावपट्टी दिसली.

मग उपाय काय झाले?

बरेच झाले. दिल्ली-मुंबईसारख्या विमानतळांवर आता जमिनीवरचं प्रत्येक विमान कंट्रोलरला पडद्यावर दिसतं. नव्या विमानांत आणि वैमानिकांच्या टॅबलेटवर विमानतळाचा नकाशा असतो आणि त्यावर आपलं विमान सरकताना दिसतं. काही विमानांत तुम्ही कुठल्या धावपट्टीजवळ आलात हे आवाजात सांगणारी यंत्रणा आहे. टॅक्सी करताना कामाशिवाय दुसरं बोलायचं नाही, हा नियम आहे. नकाशांवर जिथे वारंवार घोळ होतो त्या जागांभोवती गोल काढून ठेवतात. निघण्याआधी दोघांनी ते गोल बोट ठेवून बघायचे.

आणि एक उपाय असा आहे ज्याला यंत्र लागत नाही. वाट चुकल्याची शंका आली तर तिथेच थांबायचं आणि रेडिओवर म्हणायचं, आम्ही कुठे आहोत याची खात्री नाही. मग कंट्रोलर एकेक वळण सांगत नेतो, नाहीतर पुढे दिवा लावलेली जीप पाठवतो. ऐकायला सोपं. पण मागे चार विमानं उभी असताना, वेळापत्रक डोक्यावर बसलेलं असताना, रेडिओवर सगळे ऐकत असताना 'मी चुकलो' म्हणणं जड जातं. आपल्याकडे गाडी चालवणारा माणूस कोपऱ्यावर पत्ता विचारायला काच खाली करत नाही, तसंच. फक्त एकच जागा आहे जिथे थांबायचं नाही: धावपट्टीवर असल्याची शंका असेल तर आधी तसं सांगायचं आणि तिथून बाहेर पडायचं.

असा एक प्रसंग ध्वनिमुद्रित आहे आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणात वापरला जातो. ६ डिसेंबर १९९९, अमेरिकेतलं प्रॉव्हिडन्स विमानतळ, रात्र, धुकं. युनायटेडचं बोईंग ७५७ उतरलं, गेटकडे जाताना एक वळण चुकलं आणि फिरून पुन्हा वापरातल्या धावपट्टीवरच आलं. टॉवरला धुक्यात काही दिसत नव्हतं आणि तिथे जमिनीचा रडार नव्हता. युनायटेडच्या वैमानिकांनी आपण कुठे आहोत ते सांगण्याचा प्रयत्न केला, तोवर फेडएक्सचं मालवाहू विमान अगदी जवळून उडून गेलं. त्यांनी तेही सांगितलं. कंट्रोलरला पटेना. ती वापरातली धावपट्टी नाही, असंच उत्तर येत राहिलं. आणि तिने पुढच्या विमानाला उड्डाणाची परवानगी दिली.

पुढचं विमान होतं यूएस एअरवेजच्या मेट्रोजेटचं. त्याचा या गोंधळाशी काही संबंध नव्हता. ते आपल्या जागी उभं होतं, प्रवासी बसलेले, परवानगी हातात. पण त्याच्या वैमानिकांनी रेडिओवर सगळं ऐकलं होतं. त्यांनी परवानगी नाकारली. युनायटेड गेटवर पोचल्याशिवाय आम्ही कुठल्याही धावपट्टीवर येणार नाही, असं सांगितलं. कंट्रोलरने पुन्हा विचारलं, त्यांचं उत्तर बदललं नाही.

युनायटेड गेटला लागलं. मग मेट्रोजेट धावपट्टीवर आलं आणि उडालं. कुणाला खरचटलंही नाही.